दोन वण्या आणि डिस्कचा पत्ता

महाराष्ट्रात वणी दोन आहेत. एक आपली नाशिक जिल्ह्यातली, दिंडोरी तालुक्यातली. दुसरी यवतमाळची, कोळशाच्या खाणींची. (त्यातही 'वणीची देवी' राहते कळवण तालुक्यातल्या गडावर!) पाकिटावर नुसतं 'मु. पो. वणी' लिहिलं तर पत्रं वेगळी लावणाऱ्याने काय करायचं? टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी यावर पिनकोड आणला, १५ ऑगस्ट १९७२ पासून. आपली वणी ४२२२१५, यवतमाळची ४४५३०४. भांडण मिटलं.

लिनक्सवाले या वळणावर बरेच उशिरा आले. जुन्या आयडीई डिस्कचं नाव केबलवरच्या जागेवरून ठरायचं. पहिल्या केबलवरची मास्टर म्हणजे एचडीए, बस्स. स्कझी आणि यूएसबीच्या डिस्कना मात्र सापडेल त्या क्रमाने एसडीए, एसडीबी अशी नावं मिळायची. २००६-०७ च्या सुमारास नवे ड्रायव्हर आले आणि आयडीई डिस्कही एसडीए झाल्या. एफएसटॅबमध्ये एचडीए लिहिलेलं, आणि तशी डिस्कच नाही! मशीन बूट होईना. त्याहून वाईट म्हणजे क्रम बदलला आणि तुम्ही एसडीबी फॉरमॅट केलीत, तर कुणाचे फोटो जातील सांगता येत नाही.

रेड हॅटने आधीच लेबलं वापरून पाहिली होती. पण प्रत्येक इन्स्टॉलेशन आपल्या रूटला '/' हेच लेबल द्यायचं. एका मशीनमध्ये अशा दोन डिस्क आल्या की झाल्या दोन वण्या.

मग यूयूआयडी. १२८ बिटांचा आकडा, फाइलसिस्टिम बनवतानाच तिच्या सुपरब्लॉकमध्ये लिहिलेला. उबुंटूने ६.१० पासून (ऑक्टोबर २००६) एफएसटॅबमध्ये तोच घातला. दिसायला भयाण, पण पिनकोडच्या एक पाऊल पुढे. पिन शेवटी पत्र वाटणाऱ्या पोस्टाचा. घर बदललं की तोही बदलतो. यूयूआयडी मात्र डिस्क कुठल्याही केबलला लावा, तोच राहतो.

अर्थात डीडीने अख्खी डिस्क कॉपी केली की नंबरही कॉपी होतो. मूळ प्रत माउंट असताना एक्सएफएस दुसरीला दारातच अडवते. ईएक्सटी मात्र काही बोलत नाही, तिथे कॉपीला नवा नंबर आपणच द्यायचा.