जीन, जिन आणि इंजिनिअर

तर मंडळी, या शनिवारचा शब्द आहे 'जीन'.

अमरावती-अकोल्याकडच्या माणसासमोर हा शब्द उच्चारा. त्याला बाटलीतली जिन आठवणार नाही, अंगातली पँटही आठवणार नाही. त्याला दिसेल पत्र्याचं लांबलचक शेड, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आणि हवेत तरंगणारी रुई. आमच्याकडे कापूस 'जीनवर' जातो. तिथे सरकी वेगळी काढतात, रुई प्रेसमध्ये दाबून गाठी बांधतात, सरकी तेलाला आणि ढेपेला जाते. शंभर किलो कापसातून रुई निघते साधारण 33 ते 35 किलो. बाकी बहुतेक सरकीच.

आता हा शब्द आला कुठून? लॅटिनमध्ये 'इंजेनियम' म्हणजे माणसाची उपजत बुद्धी. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा 'आंजँ' झाला, आणि अर्थ झाला युक्ती, मग युक्तीने बनवलेलं यंत्र. इंग्रजांनी त्याचं 'एंजिन' केलं आणि पुढचं अक्षर खाऊन 'जिन'ही केलं. किल्ल्यांवर दगड फेकणारी यंत्रं बनवायचा तो इंजिनिअर. म्हणजे आमच्या हापिसातल्या खुर्चीवरचं पदनाम आणि गावाकडचं कापसाचं जीन, दोघं सख्खे चुलतभाऊ! एली व्हिटनीने 1794 साली अमेरिकेत कापसाच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि तेव्हा 'एंजिन'चं 'जिन' झालं, असं पुष्कळदा वाचायला मिळतं. ते खरं नाही. छोटा शब्द त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून इंग्रजीत होता.

बाकीचे नातेवाईक बघा. प्यायची जिन या घराण्यातली नाहीच. ती 'जेनेव्हर' या डच दारूवरून आली, आणि ते नाव जुनिपर या झुडपाचं. जीन्सची पँट इटलीतल्या जेनोव्हा शहराच्या नावावरून आली. पण पेशीतला 'जीन', म्हणजे जनुक, हा मात्र दूरचा नातलग निघतो. योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने 1909 मध्ये तो शब्द ग्रीकवरून घडवला, आणि त्याचं मूळ 'जन्म घेणं' या अर्थाचं आहे. 'इंजेनियम'च्या पोटातही तेच मूळ, आणि आपल्या 'जन्म', 'जन', 'जात' यांच्याही.

पण मला सगळ्यात अडकवून ठेवतो तो या शब्दाचा एक जुना इंग्रजी अर्थ. जिन म्हणजे फासा, सापळा. युक्तीने केलेली वस्तू, पण दुसऱ्याला पकडायला.

व्हिटनीचंच बघा ना. त्याच्या यंत्राने आखूड धाग्याच्या, सरकीला घट्ट चिकटलेल्या कापसाचं काम झपाट्याने व्हायला लागलं. कष्ट कमी व्हायला हवे होते. झालं उलटंच. कापसाचे मळे पसरले, आणि अमेरिकेतले गुलाम 1790 मधल्या सुमारे 7 लाखांवरून 1860 पर्यंत सुमारे 40 लाखांवर गेले.

1861 ला तिथे यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि सगळ्यांची नजर वळली वऱ्हाडाकडे. वऱ्हाड 1853 मध्येच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं होतं. कापसाचे भाव कधी नव्हे इतके चढले. 1865 ला युद्ध संपलं आणि भाव उतरले, पण तोवर घडी बसली होती. 1867 मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. 1870 मध्ये खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. त्यामागून जिनिंग-प्रेसिंगच्या फॅक्टऱ्या आल्या. आपला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' या नावाने विकला जायचा. ऊमरा म्हणजे आपली उमरावती, अमरावती! एक शब्द तिकडून आला, एक इकडून गेला.

फासा इथेच होता. ज्वारीच्या शेतात पऱ्हाटी उभी राहिली, आणि पऱ्हाटीचा भाव ठरायचा समुद्रापार. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडात रेल्वे होती, बाजार होते, पण महाग झालेली ज्वारी घ्यायला मजुराच्या हातात पैसा नव्हता. माणसं हजारोंनी मेली.

मग 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि दुसरा 'जीन' थेट शेतात आला. सुरुवातीला बोंडअळीपासून दिलासा मिळाला, हे नाकारून चालणार नाही. पण संकरित बियाणं दरवर्षी विकतच घ्यावं लागतं, आणि गुलाबी बोंडअळी त्या जनुकाला सरावली. 2017 च्या हंगामात तिने विदर्भातल्या शेतकऱ्यांना चांगलंच रडवलं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत, म्हणजे पाचव्या शतकात, एका लाटण्याने सरकी काढण्याचं साधन दिसतं, असं अभ्यासक सांगतात. पुढे दोन लाटण्यांची हातचरखी आली, आणि घरोघरी बायका ती फिरवायच्या. व्हिटनीच्या यंत्रात तारेचे दात होते, करवती त्याच धर्तीच्या पुढच्या यंत्रांत आल्या. त्या आपल्याकडे फारशा रुजल्या नाहीत. आजही आपल्या बहुतेक जीनमध्ये रोलरच फिरतात, फक्त आता विजेवर. ती चरखी पहिल्यांदा कुणी घडवली, त्यांची नावं कुठल्या पेटंटात नाहीत. पण 'इंजेनियम' म्हणजे उपजत बुद्धी असेल, तर इंजिनिअर तेही होते. सॉफ्टवेअरवाल्यांनी हे पदनाम मिरवताना एवढं लक्षात ठेवावं, आणि आपण लिहितो ते यंत्र आहे की फासा, हेही अधूनमधून तपासावं.

असो. पुढच्या शनिवारी दुसरा शब्द.