दिवसभराची नाव

पवना आणि मुळा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या सांगवीचा समुद्राशी कधी काळी काही संबंध आला असेल, ही कल्पना औंधच्या पुलावरून मोटारींच्या रांगेत वाट काढणाऱ्या आजच्या माणसाला सुचणे कठीण आहे. परंतु लोहमार्ग घाट चढून वर येण्यापूर्वीच्या काळात, पवनेपलीकडे सांगवीसमोर असलेल्या दापोडीस मुंबईहून जो साहेब, कारकून वा व्यापारी पोहोचे, तो बहुधा पनवेलच्या खाडीपर्यंत भाड्याच्या नावेतून आलेला असे. त्या नावेचा, तिच्या कराराचा आणि ती हाकणाऱ्या माणसांचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी लिहिला नाही. कॅरिबियन बेटांभोवती दिवसभरासाठी खाजगी बोट ठरवून फिरणे हा अलीकडच्या संपन्न जगाचा विलास म्हणून आपण ऐकतो. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतील सुस्थित कुटुंबे तशाच सहलीसाठी आता मुंबईच्या गेटवेवरही जाऊ लागली आहेत. पण हा व्यवहार मुंबईच्या बंदरात किमान दोन शतकांपासून चालत आलेला आहे, आणि आमच्या नदीकाठच्या गावाच्या इतिहासाचा एक धागा त्यात गुंतलेला आहे.

दापोडीस पेशव्यांच्या कवायती पलटणीचा सेनापती कॅप्टन फोर्ड याचा बंगला होता. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा फोर्डची पलटण दापोडीहूनच निघून इंग्रजांच्या फौजेस मिळाली. पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कम याने हा बंगला सरकारासाठी घेतला. त्याच्या भोवती सरकारी वनस्पतिबाग उभी राहिली, अलेक्झांडर गिब्सनसारखा वनस्पतिशास्त्रज्ञ तिचा अधीक्षक झाला, आणि गणेशखिंडीत नवे राजभवन बांधले जाईपर्यंत मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे पावसाळी वास्तव्य दापोडीस होत राहिले. म्हणजे इलाख्याची दप्तरे, खलिते, पाहुणे आणि त्यांचे सामान यांची ये-जा सांगवीच्या समोरून होत असे. मार्ग ठरलेला होता: मुंबईहून नावेने पनवेल, तेथून चौक, खालापूर, नाना फडणविसांनी तलाव बांधलेली खोपोली, मग बोरघाट, खंडाळा, वडगाव आणि दापोडी. बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तो माल्कमच्याच कारकिर्दीत, 1830 साली. त्यापूर्वी घाट पालखीत, घोड्यावर किंवा पायी चढावा लागे. कलकत्त्याचा बिशप हेबर 1825 च्या पावसाळ्याच्या तोंडाशी याच मार्गाने पुण्यास आला, आणि त्याच वर्षी मुंबईच्या मुक्कामात त्याने घारापुरीची लेणीही पाहिली. मुंबईहून पनवेलास जाणाऱ्या नावेतून घारापुरीचे दोन टेकड्यांचे बेट दिसते. नावाडी तेच, पाणी तेच, भरतीचे गणितही तेच. तेव्हा पनवेलची कामकाजाची फेरी आणि घारापुरीची दिवसभराची सहल या एकाच धंद्याच्या दोन शाखा होत्या, असे मी मानतो.

या धंद्याचे मुख्य साधन मचवा, आणि साहेब लोकांच्या बोलीत ज्याला बंदरबोट म्हणत ते त्याच घडणीचे, प्रवाशांसाठी सजवलेले गलबत. पुढे झुकलेली डोलकाठी, तिच्यावर तिरप्या परबाणाला बांधलेले त्रिकोणी शीड, मागच्या भागात उन्हापासून आडोसा, आणि वारा पडला की वल्ही मारण्यास चार-सहा खलाशी. प्रमुखास तांडेल म्हणत; सुकाणू त्याच्या हाती आणि निर्णयही त्याचाच. कोळी, खारवी, भंडारी, कोकणी मुसलमान अशा नाना जातिधर्मांचे दर्यावर्दी मुंबईच्या बंदरात या कामावर होते. पालवा बंदर, ज्यास साहेब अपोलो बंदर म्हणत, हा सहलीच्या नावांचा अड्डा; तर माझगावकडे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य उर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेला धक्का पुढे कोकणच्या उतारूंचा आधार झाला आणि आजही भाऊचा धक्का म्हणूनच ओळखला जातो.

भाडे ठरवताना प्रवासी मैलांचा हिशेब मांडी आणि तांडेल तिथीचा. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो. अष्टमीस सहा वाजता, चतुर्थीस तीन वाजता, एकादशीस सव्वाआठच्या सुमारास, पौर्णिमेस किंवा अमावास्येस अकरा-बाराच्या दरम्यान. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. या सोप्या त्रैराशिकावर घारापुरीची अख्खी सहल उभी असे. बेट पालव्याच्या पूर्व-ईशान्येस सुमारे दहा किलोमीटरांवर. भरतीचे पाणी बंदराच्या मुखातून आत, म्हणजे बेटाच्या दिशेने धावते आणि ओहोटीचे पाणी परत बाहेर. पौर्णिमेच्या आसपास सकाळी सात-आठला निघालेली नाव भरतीच्या पाठबळावर बेटास लागे, दुपारी पाणी भरलेले असताना उतरणे सुकर होई, आणि लेणी पाहून तीनच्या सुमारास निघाले की ओहोटी स्वतःच नाव पालव्याकडे वाहून आणी. तोच प्रवासी अष्टमीस हट्टाने निघाला तर जाताना ओहोटी तोंडावर, मध्यान्ही बेटाच्या किनाऱ्यावर विस्तीर्ण चिखल उघडा, आणि येताना भरती पुन्हा विरुद्ध. अशा वेळी पाहुण्यांना खलाशांच्या खांद्यावरून किनारा गाठावा लागे.

वाऱ्याचे साहाय्य मिळेल असे म्हणावे, तर उघाडीच्या महिन्यांत पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा बेटाकडे जाणाऱ्या नावेच्या समोरून येतो, आणि दुपारनंतरचा समुद्राकडला वारा परतणाऱ्या नावेच्या समोरून. म्हणजे जाताना आणि येताना, दोन्ही वेळी वारा प्रतिकूल. अशा स्थितीत शीड आडवे-तिडवे फिरवून, वळणे घेत, पाण्याच्या ओढीचा क्षण नेमका पकडून नाव नेणे ही जी विद्या, तीच खरे पाहता प्रवासी विकत घेत होता. नावेचे लाकूड आणि शिडाचे कापड ही तिची उपकरणे.

कॅरिबियनशी तुलना केली असता या विद्येचे मोल अधिक स्पष्ट होते. तेथे भरती-ओहोटीतील अंतर बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आत. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवशी ते चार मीटरांहून अधिक. तेथे पूर्वेकडील व्यापारी वारा वर्षाचा बराच काळ एकाच दिशेने स्थिरपणे वाहतो, त्यामुळे बेटाच्या पश्चिमेस, वाऱ्याच्या आडोशाला, शांत उपसागरात नांगर टाकून दुपार घालवता येते आणि घड्याळाच्या तासांवर बोट भाड्याने देता येते. फ्रान्स आणि नेदरलंड्स यांनी 1648 च्या तहाने वाटून घेतलेल्या सेंट मार्टिनसारख्या चिमुकल्या बेटाला एका दिवसात प्रदक्षिणा घालणे त्यामुळेच सोपे. तेथील भय जून ते नोव्हेंबरच्या चक्रीवादळांचे. आपल्याकडील भय नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचे. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, आली की आपल्या दर्यावर्दींनी नावा ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेस सागराची पूजा करून पुन्हा पाण्यात लोटायच्या, हा नेम कोणत्याही सरकारी परिपत्रकाच्या कितीतरी आधीचा.

आता या नावांतून गेलेल्या माणसांकडे पाहू. गुजरातच्या सुलतानाने 1534 च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांस दिला, आणि घारापुरीही त्यांच्या अमलाखाली गेली. बेटाच्या दक्षिण बाजूस, राजबंदराजवळ, उभ्या असलेल्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटास एलिफंटा हे नाव दिले. वैद्य गार्सिया द ओर्ता आणि नौदलाचा अधिकारी जुआंव द कास्त्रो या दोघांनी त्याच दशकात लेणी पाहिली आणि त्यांचे वर्णनही लिहून ठेवले. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेच्या काळात बेट मराठ्यांच्या ताब्यात आले. 1774 च्या अखेरीस साष्टीबरोबर ते इंग्रजांनी घेतले आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने त्यांचा हक्क कायम झाला. दरम्यान 1764 मध्ये डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेचा वाचलेला एकमेव सदस्य कार्स्टेन नीबूर येथे आला आणि मोजमापे घेऊन त्याने चित्रे काढली. विल्यम अर्स्किनचा निबंध 1819 मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात छापला गेला, जेम्स बर्जेसचे पुस्तक 1871 मध्ये आले. त्रिमूर्तीची उंची, स्तंभांची संख्या, तोडफोडीचा दोष कोणाचा, यांवर या विद्वानांनी सूक्ष्मपणे लिहिले. मात्र त्यांना बेटावर नेऊन सुखरूप परत आणणाऱ्या तांडेलांपैकी एकाचेही नाव या परंपरेतून सामान्य वाचकापर्यंत पोहोचलेले नाही. मला ही उणीव मनापासून बोचते. नीबूरने मोजपट्टी धरली तेव्हा खाली किनाऱ्यावर कोणीतरी पाण्याची पातळी पाहत बसला होता, आणि त्याने वेळेवर हाक दिली म्हणून ती मोजमापे युरोपात पोहोचली.

त्या दगडी हत्तीची कथाही नावेच्या व्यवसायाशी निगडित आहे. 1814 मध्ये त्याचे डोके आणि मान गळून पडली. 1864 मध्ये त्यास इंग्लंडास नेण्याचा घाट घातला गेला, परंतु उचलण्याच्या खटाटोपात धड कोसळून त्याचे तुकडे झाले; ते तुकडे मुंबईस आणून पुढे 1914 च्या सुमारास पुन्हा जोडण्यात आले, आणि आज राणीच्या बागेशेजारी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो हत्ती उभा आहे. ज्या खुणेवरून बेटास परदेशी नाव मिळाले, ती खूणच बेटावरून गेली. उतरण्याची मुख्य जागाही दक्षिणेकडून वायव्येच्या शेतबंदराकडे सरकली, आणि दक्षिणेचे राजबंदर सहलीच्या वाटेतून बाजूस पडले.

नोव्हेंबर 1875 मध्ये इंग्लंडचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड, भारतात आला असता मुख्य लेण्यात रोषणाई करून त्यास मेजवानी देण्यात आली. शिवाच्या मंदिरात परकीय राजपुत्राचे भोजन व्हावे, हा विचार आज मनास कष्ट देतो. तरी या प्रसंगानंतर घारापुरीची सहल ही मुंबईस येणाऱ्या प्रत्येक मोठ्या पाहुण्याची रूढीच झाली, हेही नाकारता येत नाही. तोपर्यंत पनवेलची शाखा मात्र सुकली होती. खंडाळा ते पुणे लोहमार्ग 1858 मध्ये आणि घाटाचा चढ 1863 मध्ये पूर्ण होताच पुण्याच्या प्रवाशास समुद्राची गरज उरली नाही, आणि आगगाडी दापोडीवरून थेट जाऊ लागली. सांगवी-दापोडीच्या परिसराला यापुढे पाणी म्हणजे फक्त नदी. खालच्या अंगास, मुळा-मुठेवर, 1868 मध्ये रॉयल कॅनॉट बोट क्लब निघाला. आणि दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात आज सैन्याचे नौकानयन प्रशिक्षण केंद्र आहे, जेथे नाशिककडच्या दुष्काळी तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने घडून 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वल्ही मारली. समुद्र न पाहिलेल्या गावाच्या मुलाने पाण्यावर देशाचे नाव न्यावे, याचा आम्हा शेजाऱ्यांना अभिमान वाटतो.

वाफेच्या आणि पुढे डिझेलच्या लाँचींनी वारा आणि तिथी या दोन्ही हिशेबांचे महत्त्व कमी केले. गेटवेवरून तासाभरात बेट गाठता येऊ लागले, 1987 मध्ये लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि 2018 मध्ये समुद्राखालून टाकलेल्या तारेने शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तिन्ही वस्त्यांत वीज आली. सोय वाढली, पण तांडेलाचा नकाराधिकार मागे पडत गेला, असे मला वाटते. 17 जुलै 1947 रोजी, ऐन पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीस निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून पंधरा जणांचा मृत्यू झाला. या दोन दुर्घटनांची कारणे अगदी भिन्न आहेत आणि त्यांस एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण रामदासच्या बाबतीत, आगोटीनंतर उतारू घेऊन निघू नये हा जुना दंडक मोडला गेला होता, एवढे म्हणावेच लागते. आज पावसाळ्यात गेटवे-मांडव्याची वाहतूक बंद ठेवली जाते, आणि नीलकमलच्या घटनेनंतर प्रत्येक प्रवाशाने प्राणरक्षक जाकीट घालण्याचा आग्रह वाढला आहे.

शिडाच्या नावेचा भाड्याचा व्यवहार पाहायचा असेल तर मुरूडजवळ राजपुरीस जावे. सिद्दीच्या जंजिऱ्याकडे पर्यटकांस नेणाऱ्या शिडाच्या होड्या तेथील खाडीत चालत आल्या आहेत. राजपुरीकडे तोंड करून असलेल्या महाद्वाराच्या पायऱ्यांशी होडी लाटेवर वर-खाली होत असते, आणि खलाशी दोर धरून, दंड पकडून, एकेका माणसास नेमक्या क्षणी पायरीवर उतरवतो. बायकामुले आधी की सशक्त पुरुष आधी, हे तोच ठरवतो. किल्ल्यास बाहेरून वळसा घालून पश्चिमेचा दर्या दरवाजा पाहावयाचा असेल तर त्याच्याशी निराळे बोलावे लागते. समुद्र शांत असेल तर तो भाडे सांगतो, आणि पश्चिमेकडे लाट उठलेली दिसली तर कितीही रक्कम पुढे केली तरी मान हलवून नाही म्हणतो.