निशाणी नांगर ते 'आय अ‍ॅग्री'

'सर, तुमच्या वॉटर प्युरिफायरची एएमसी संपत आलीये. आजच रिन्यू केलीत तर फिल्टर फ्री!' हा फोन ज्याला आलेला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. टीव्ही घ्या, फ्रिज घ्या, बिल व्हायच्या आधीच काउंटरवरचा पोरगा दोन वर्षांची 'एक्स्टेंडेड वॉरंटी' गळ्यात मारायला बघतो. आपण पुण्याला क्युबिकलमध्ये बसून असले फोन सरळ कट करतो. पण बारामतीला, इंदापूरला घरी असलेल्या आई-बाबांना ते जमत नाही. समोरचा एवढा गोड बोलतोय, 'सर, सर' करतोय, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं?

तर मंडळी, या वीकेंडचा विषय हाच. वस्तू बिघडायच्या आधी दुरुस्तीचे पैसे देणं, आणि न वाचलेल्या कागदाला हो म्हणणं. या दोन्ही गोष्टी कुठल्या एमबीएवाल्याने काढलेल्या नाहीत. नीरा आणि भीमेच्या मधल्या या दोन तालुक्यांनी त्या फार आधी पाहिल्यात. आणि त्यापायी एक दंगाही झालाय.

आधी बलुतं. नांगर, कुळव, पाभर मोडली की सुतार. फाळ बोथट झाला की लोहार. मोट फाटली की चांभार. दर खेपेला पैसे मोजायचे नाहीत, सुगी झाली की खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा द्यायचा. लाकूड आणि लोखंड शेतकऱ्याचं, मेहनत कारागिराची. म्हणजे आपल्या भाषेत 'लेबर कव्हर्ड, पार्ट्स एक्स्ट्रा' :) नवं घर बांधायचं असेल तर मजुरी वेगळी, ते या 'प्लॅन'मध्ये बसत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या पुस्तकात ही सगळी देवघेव तपशीलवार आली आहे, आणि तिच्याबद्दलची कुरकुरही.

या एएमसीचा मोठा फायदा असा, की पैसे घेणारा समोरच्याच आळीत राहायचा. औत नीट केलं नाही तर पुढच्या सुगीला त्याच खळ्यावर येऊन उभं राहायचंय हे त्याला माहीत असे. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' वगैरे भानगड नाही.

पण उगाच गहिवरून जायचं कारण नाही. या करारातून बाहेर पडायची सोय कुणालाच नव्हती. कोण कुठलं काम करणार हे जन्मानं ठरायचं. महारांच्या वाट्याला आलेल्या कामांना तर अंतच नव्हता, आणि मोबदला इतरांच्या मर्जीवर. म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात बदल करणारं विधेयक मांडलं. तरी ही वतनं कायद्याने जायला १९५८ साल उजाडलं. कॅन्सल न करता येणारं सबस्क्रिप्शन किती भयंकर असू शकतं, हे यापेक्षा वेगळं काय सांगायचं?

मधल्या काळात इंग्रज आले आणि त्यांनी कागद आणला. मुंबई इलाख्यातली सारा ठरवण्याची जी पद्धत पुढे सगळीकडे गेली, तिची सुरुवात इंदापूर तालुक्यात झाली. १८३५-३६ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इथली जमीन मोजली आणि मातीची प्रतवारी लावली. (यातला विंगेट लष्करातला इंजिनिअर, म्हणजे आपलाच जातभाई!) आधीच्या पाहणीत सारा फार जड बसला होता आणि लोक जमिनी टाकून जात होते. नव्या पद्धतीत सारा हलका केला आणि वर शब्द दिला, की तीस वर्षं दर बदलणार नाही. शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने विहीर खणली तरी त्यापायी सारा वाढवायचा नाही. गॅरंटी चांगली होती आणि पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या.

मग तीस वर्षं संपली :( १८६७ साली इंदापूरच्या साऱ्याची फेरआकारणी झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचे, आणि त्यासोबत बाकी मालाचेही भाव चढले होते. त्या चढत्या भावांवर नवे दर बेतले गेले आणि सारा भरमसाट वाढला. पाठोपाठ भाव कोसळले, दर मात्र तेच राहिले. पहिलं वर्ष स्वस्तात द्यायचं आणि रिन्यूअलला कापायचं, हे आज आपण रोजच बघतो. पण इथे पणाला फिल्टर नव्हता, जमीन होती.

सारा रोख भरायचा म्हणजे सावकाराकडे जाणं आलं, आणि तिथे खत लिहून देणं आलं. शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नसे. सहीच्या जागी तो नांगराचं चित्र काढायचा, 'निशाणी नांगर'. वर काय लिहिलंय हे सावकाराला माहीत, नाहीतर लिहिणाऱ्या कारकुनाला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावर दावा लावायला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू असा, की ऋणकोच्या मानेवर जुनी कर्जं कायमची लटकत राहू नयेत. झालं भलतंच. दर तीन वर्षांनी सावकार नवं खत करून घेऊ लागला आणि थकलेलं व्याज नव्या मुद्दलात जमा होऊ लागलं. थोडक्यात, ऑटो-रिन्यूअल. दावा कोर्टात गेला की न्यायाधीश फक्त कागद बघणार. निशाणी आहे ना? मग हुकूमनामा.

याचा भडका १२ मे १८७५ रोजी सुपे गावात उडाला. चौफुल्याहून मोरगावच्या गणपतीला जाताना जे सुपे लागतं, तेच. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामती तालुक्यात आहे. लोकांनी सावकारांची दुकानं लुटली, पण त्यांना मुख्यतः हवी होती ती खतं आणि वह्या. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरलं. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगानेच पुढे नोंदवलं, की दंगेखोरांचा रोख कागद नष्ट करण्यावर होता, आणि जिथे सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले तिथे बहुधा फार काही झालं नाही. माणसं मारायची नव्हती त्यांना. डेटाबेस डिलीट करायचा होता. (इतिहासाकडे बघायचा हा जरा आयटीवाला दृष्टिकोन झाला, समजून घ्या.)

मला यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो दंग्यानंतरचा. १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी 'डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट' आला. त्यात कोर्टाला सांगितलं गेलं, की नुसत्या खतावर जाऊ नका, व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासा. मुळात पैसे किती दिले, परत किती आले, व्याज किती चढवलं, हे बघा. शेतकऱ्याने करून द्यायचं खत गावच्या निबंधकासमोर व्हायला हवं. सावकाराने पावती द्यायला हवी, हिशेब द्यायला हवा. 'अंगठा केलास ना, मग भोग' असं म्हणणाऱ्या व्यवस्थेने पहिल्यांदाच विचारलं, की अंगठा करताना याला काय सांगितलं होतं?

अर्थात प्रत्येक पॅचसोबत नवा बग येतोच. सावकार गहाणाऐवजी थेट खरेदीखतच करून घेऊ लागले, आणि मग तो 'विक्री'चा देखावाही तपासता यावा म्हणून कायद्यात पुढे दुरुस्ती करावी लागली. पण प्रश्न योग्य विचारला गेला होता.

आता आजच्या कागदाकडे या. एक्स्टेंडेड वॉरंटी बहुतेक वेळा सुरू होते ती कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यावर. म्हणजे आज दिलेल्या पैशाचा पहिलं वर्षभर काहीच उपयोग नाही. ती विकणारी कंपनी बऱ्याचदा वस्तू बनवणारी नसतेच. आणि आत बारीक अक्षरांत 'हे कव्हर होत नाही'ची यादी असते. माझ्या इंदापूरच्या आत्याचा टीव्ही व्होल्टेजच्या झटक्याने गेला. वॉरंटी चालू होती, पैसे भरलेले होते. उत्तर आलं की व्होल्टेजचं कारण 'एक्सक्लूडेड' आहे. इंदापूर तालुक्यातल्या खेड्यात टीव्ही दुसऱ्या कशाने जातो म्हणे? आत्या बी.ए. आहे, तिला वाचता येतं. पण ती अटींची पुस्तिका तिला कुणी दिलीच नव्हती. 'निशाणी नांगर' गेली आणि तिच्या जागी ओटीपी आला, एवढाच काय तो फरक.

१८७९ चा प्रश्न विचारणारे नियम आजही आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' ही कल्पना आली, म्हणजे सही असली तरी करार एकतर्फी आहे का हे तपासता येतं. गंमत म्हणजे अशी तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. सेवा नीट दिली नाही एवढीच तक्रार असेल तर मात्र जिल्हा आयोग आहे. ऑनलाइन कार्टमध्ये न विचारता वॉरंटी टाकून ठेवणं हे २०२३ च्या 'डार्क पॅटर्न'च्या यादीत 'बास्केट स्नीकिंग' म्हणून बसतं. मागे लागून लागून हो म्हणायला लावणं, 'नॅगिंग', तेही त्याच यादीत आहे. नको असलेल्या फोनविरुद्ध ट्रायचे नियम २००७ पासून आहेत.

पण हे सगळं वापरायचं कुणी? आई-बाबा १९०९ वर स्वतःहून फोन करणार नाहीत. ते काम आपलं. पुढच्या शनिवारी घरी गेलात की त्यांचे नंबर डीएनडीला टाका. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर सेव्ह करून द्या. कपाटातल्या एएमसीच्या पावत्या काढून बघा, की कशाकशाचे पैसे दोनदा जातायत. आणि एक वाक्य त्यांच्याकडून पाठ करून घ्या: 'आधी अटी लेखी पाठवा, मुलगा वाचेल, मग बघू.' मुलगी असेल तर मुलगी वाचेल. हे ऐकल्यावर फोनवरच्या बऱ्याच जणांचा उत्साह मावळतो.

सुप्याच्या माणसांना खत वाचून दाखवणारं घरात कुणी नव्हतं. आपल्या आई-बाबांना आहे. निदान असायला हवं.