दोन लिप्यांतला भारत

१९४२ साली वर्ध्यात गांधीजींनी हिंदुस्तानी प्रचार सभा स्थापन केली. हिंदुस्तानी भाषा एक, पण नागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्या प्रत्येकाने शिकाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. त्यापायी १९४५ मध्ये त्यांनी हिंदी साहित्य सम्मेलन सोडले. १९४९ मध्ये संविधान सभेने देवनागरीतली हिंदी संघराज्याची राजभाषा ठरवली आणि दोन लिप्यांचा विचार मागे पडला.

इंटरनेटवर मात्र या दोन लिप्या पुन्हा शेजारी आल्या. वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी जे नाव येते, ते टॉप-लेव्हल डोमेन. आपले 'डॉट इन' १९८९ पासूनचे, पण रोमन अक्षरांतले. अशी नावे ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेने २००९ मध्ये देशांच्या नावांसाठी इतर लिप्यांना दार उघडले. २०१० मध्ये इजिप्त, सौदी अरेबिया आणि अमिरातीची अरबी नावे सुरू झाली. भारताला सुरुवातीला सात लिप्यांतली नावे मिळाली. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरी 'डॉट भारत' खुले झाले. त्यात मराठी, हिंदी, कोकणी एकत्र आहेत. उर्दूचा 'भारत' वेगळा: बे, दोचश्मी हे, अलिफ, रे, ते.

मी दोन्ही भाषा शिकवतो. नाव मिळाले, तरी पत्ता आपण अजून रोमनमध्येच टाइप करतो. आपल्या शाळा, वाचनालये, मासिके या नावांवर आली नाहीत, तर ही दोन्ही नावे नुसती यादीत राहतील. उर्दू शाळांनी तरी सुरुवात करावी, दोन्ही लिप्यांत.