ग्लीनिकेच्या तळ्याकाठचं घर आणि आमचा सातबारा



गेल्या उन्हाळ्यात आम्ही लेकीकडे बर्लिनला होतो. नातीच्या शाळेला सुट्टी लागायची होती, तोवर दिवस मोकळे. लेक म्हणाली, म्युझियम बघा, राजवाडे बघा. आम्ही म्हटलं, आम्हाला एक घर बघायचंय. ती हसली. पण आमच्या फोनमध्ये तेव्हा एका सातबाऱ्याचा फोटो होता. चुलतभावाने अलिबागहून पाठवलेला. त्याने महिनाभर झोप उडवली होती. म्हणून दुसऱ्या कुणाच्या घराचे कागद कसे फिरले, ते बघायची ओढ होती.

ते घर बर्लिनच्या पश्चिमेला, ग्रोस ग्लीनिके गावात, तळ्याच्या काठावर आहे. लाकडी, बैठं, एकमजली. वाड्याची ऐट त्याला नाही. आपल्याकडे मुंबईचे लोक लोणावळ्याला बंगली बांधायचे, तसलंच हे बर्लिनच्या लोकांचं सुट्टीचं घर. त्याच्यावर थॉमस हार्डिंग या इंग्लिश लेखकाने २०१५ साली पुस्तक लिहिलं, म्हणून आज ते माहीत झालं. घर बांधलं ते हार्डिंगच्या पणजोबांनी, डॉक्टर आल्फ्रेड अलेक्झांडर यांनी.

आता मालकीची गोष्ट नीट सुरुवातीपासून सांगतो, कारण गंमत तिथेच आहे.

१८९० साली ओटो वोलांक या श्रीमंत माणसाने ग्रोस ग्लीनिकेची जहागीर विकत घेतली. शेती, जंगल, तळ्याचा काठ, सगळं आलं. म्हणजे आपल्या कोकणातल्या खोताचा किंवा इनामदाराचा मोठा भाऊ म्हणा. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पैसा कागद झाला, जहागिरी सांभाळणं जड जाऊ लागलं. तेव्हा तळ्याकाठच्या जमिनीचे तुकडे पाडून शहरातल्या लोकांना द्यायला सुरुवात झाली. १९२७ साली त्यातला एक तुकडा डॉक्टर अलेक्झांडरांनी भाडेपट्ट्याने घेतला आणि त्यावर स्वतःच्या पैशाने लाकडी घर उभं केलं.

इथे जरा थांबा. जमीन वोलांकची, घर डॉक्टरांचं. कोकणातल्या आपल्या लोकांना हे लगेच कळेल. आपल्याकडेही कित्येक बेने इस्रायल घरांची गोष्ट अशीच होती: जमीन खोताची, वर घर आपलं, मागे माडाची वाडी, कोपऱ्यात तेलाचा घाणा. घर बांधणाऱ्याला वाटतं आपण मालक. कागद काय म्हणतो, ते वेळ आल्यावर कळतं.

डॉक्टर अलेक्झांडर बर्लिनमधले नावाजलेले डॉक्टर. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात काम केलेलं, आयर्न क्रॉस मिळालेला. घरात बायको हेनी, दोन मुली बेला आणि एल्सी, आणि १९१७ साली जन्मलेले जुळे मुलगे हान्स आणि पाउल. उन्हाळ्याचे शनिवार-रविवार तळ्यावर जात. एल्सी म्हातारपणीही त्या घराचं नाव काढलं की हळवी व्हायची, असं तिचा नातू लिहितो.

१९३३ आलं. एप्रिलमध्येच ज्यू डॉक्टरांना सरकारी विमा योजनेतून काढायला सुरुवात झाली. महायुद्धात लढलेल्यांना तेव्हा सूट होती, पुढे तीही गेली. १९३८च्या सप्टेंबरमध्ये सगळ्याच ज्यू डॉक्टरांचे परवाने रद्द झाले. आम्ही चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली माणसं, त्यामुळे हे वाचताना पोटात कसंतरी होतं. राउंडला सोबत चालणाऱ्या डॉक्टरांना एका सकाळी सांगायचं, की तुम्ही आता पेशंटला हात लावायचा नाही. त्या काळात जर्मनीतून सुटलेले काही ज्यू डॉक्टर मुंबईतही आले. १९३४ साली मुंबईत ज्युइश रिलीफ असोसिएशन निघाली ती याच निर्वासितांसाठी.

अलेक्झांडर मात्र लंडनला गेले. मुलगी बेला तिथे होती. १९३६च्या सुरुवातीला डॉक्टर तिला भेटायला गेले आणि परत येऊ नका असा निरोप मिळाला. बाकीची माणसं मागाहून निघाली. जाताना तळ्यावरचं घर बरोबर नेता येत नाही.

पुढे तिथे विल माईसेल राहू लागला. हा संगीतकार, गाण्यांची पुस्तकं छापणारा, आणि १९३३ पासून नाझी पक्षाचा सभासद. आधी भाड्याने आला. मग सरकारने अलेक्झांडरांची मालमत्ता जप्त केली आणि १९४० साली माईसेलने घर त्या सरकारकडूनच विकत घेतलं. आता बघा, कागद किती व्यवस्थित. विकणारा सरकार, घेणारा रीतसर पैसे भरणारा, शिक्के जागच्या जागी. चोरीसुद्धा अशी पावती देऊन करता येते.

आणि तरी माणूस सरळ रेषेत चालत नाही. याच माईसेलच्या प्रकाशनात हान्स हार्टमान नावाचा माणूस काम करत होता. त्याची बायको ज्यू होती. तिला सोड, असं नाझींनी सांगितलं. त्याने सोडलं नाही, म्हणून नाटकगृहातली मोठी नोकरी गेली. युद्धाच्या शेवटी बर्लिनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ही दोघं त्याच तळ्यावरच्या घरात राहिली. ज्यू डॉक्टरचं घर, घेतलेलं नाझी पक्षाच्या माणसाने, आणि आत एक ज्यू बाई जीव मुठीत धरून. ती वाचली. हार्टमान पुढे कोलोनच्या रेडिओचा मुख्य झाला. माईसेलला चांगला म्हणायचं की वाईट, यावर आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर बराच वाद झाला. आमचं मत विचाराल तर घर घेतलं ते घेतलंच.

१९४५ नंतर या घराच्या नशिबी जे आलं, ते आम्हाला सगळ्यात चमत्कारिक वाटतं. बर्लिन चार सैन्यांनी वाटून घेतलं. ब्रिटिशांना गाटोचा विमानतळ नीट हाताशी हवा होता, म्हणून त्यांनी रशियनांशी जमिनीची अदलाबदल केली. रशियनांना श्टाकेनचा पश्चिम भाग गेला, ब्रिटिशांना ग्लीनिके तळ्याच्या पूर्वेकडची जमीन आली. हद्दीची रेघ तळ्याच्या पाण्यातून गेली. घर पश्चिम काठावर, म्हणून रशियन बाजूला पडलं. पलीकडे पोहत गेलं तर दुसरा देश.

त्याच वर्षी रशियनांच्या भागात जमीन सुधारणा झाली. शंभर हेक्टरांच्या वर ज्याची जमीन, त्याची सगळी सरकारजमा, एक पैसा भरपाई नाही. मोठ्या जहागिऱ्या अशा संपल्या. माईसेल मंडळी पश्चिमेकडे राहिली, घर गावाच्या देखरेखीखाली गेलं आणि तिथे साधी कामकरी कुटुंबं भाड्याने आली. १३ ऑगस्ट १९६१ला भिंत बांधायला घेतली. ती इथे घर आणि तळं यांच्या मधून गेली. अंगणातून पाणी दिसायचं बंद. अठ्ठावीस वर्षं त्या घरातल्या मुलांनी तळ्याचा वास घेतला, पण तळ्यात पाय घातला नाही.

१९८९ला भिंत पडली आणि मग कागदांचा महापूर आला. पूर्व जर्मनीत ज्याचं ज्याचं काही होतं तो दाखले घेऊन उभा. १९९०च्या सप्टेंबरमध्ये कायदा झाला, तो वाचण्यासारखा आहे. नाझींनी १९३३ ते १९४५मध्ये ज्यूंचं जे हिसकावलं, त्यावर दावा करता येईल. पूर्व जर्मन राज्याने पुढे जे घेतलं त्यावरही करता येईल. पण १९४५ ते १९४९ या रशियन अमलात मोठ्या जमीनदारांचं जे गेलं, ते परत मिळणार नाही. जमीनदारांचे वारस कोर्टात गेले आणि १९९१च्या एप्रिलमध्ये तिथल्या सर्वोच्च घटना न्यायालयाने सांगितलं, हा नियम बरोबर आहे. म्हणजे एकाच गावात, शेजारच्या दोन तुकड्यांना दोन न्याय. ज्यूंच्या दाव्यांना १९९२ संपेपर्यंत मुदत होती. ज्यांचं कुणीच उरलं नव्हतं, त्यांच्या मालमत्तेवरचा हक्क क्लेम्स कॉन्फरन्सकडे गेला.

जर्मनीत प्रत्येक जमिनीचं एक वहीपान असतं, त्याला ग्रुंडबूख म्हणतात. सुरुवातीला जमिनीचं वर्णन, मग तीन भाग: पहिल्यात मालक, दुसऱ्यात कुणाची वाट, कुणाचा हक्क असले बोजे, तिसऱ्यात गहाण. जुनं नाव पुसत नाहीत, त्यावर खूण करून खाली नवीन लिहितात. आम्हाला केसपेपर आठवले. आमच्या सिस्टर सांगायच्या, चुकलं तर खोडरबर नाही, एक रेघ मारा आणि सही करा, खालचं वाचता आलं पाहिजे.

१९९३ साली एल्सी, तेव्हा ऐंशीच्या पुढची, नातवंडांना घेऊन ते घर दाखवायला आली. हार्डिंग त्यात होता. २०१३ला तो पुन्हा आला तेव्हा घर मोकळं पडलेलं, काचा फुटलेल्या, आत कचरा, आणि आता मालक असलेल्या पोट्सडाम शहराला ते पाडायचं होतं. २०१४च्या वसंतात अलेक्झांडरांचे वंशज आणि गावकरी मिळून घर साफ करायला उतरले. त्याच ऑगस्टमध्ये घराला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. दुरुस्ती होऊन २०१९ला ते उघडलं. आज अलेक्झांडर हाउस म्हणून तिथे मुलांचे वर्ग, सभा होतात. तळ्याकाठच्या वाटेवरून मात्र गावात अजून भांडण आहे. भिंतीच्या पहारेकऱ्यांची वाट होती ती लोकांना फिरायला खुली हवी, असं शहर म्हणतं. काही जमीनमालक म्हणतात, आमच्या अंगणातून नको. भिंत गेली, कुंपणं आली.

आम्ही त्या घराच्या पायरीवर बसून डबा खाल्ला. आणि फोनमधला सातबारा उघडला.

आमच्या आजोबांचं घर रेवदंड्याच्या बाजूला. ओटी, माजघर, मागे पडवी. लहानपणी मे महिन्यात मुंबईहून धरमतरमार्गे जायचो. घरामागे वाडी, आणि थोडी भातजमीन, ती कसायला एक कूळ. आजी त्यांच्या घरी मलिद्याचं ताट आठवणीने पाठवायची. आमचे काका, आत्या साठच्या दशकात इस्रायलला गेले. आजोबा गेल्यावर घराला कुलूप. भातजमिनीवर कुळकायदा लागला. १ एप्रिल १९५७ला कसणारा मालक झाला, किंमत ठरली, त्यांनी हप्ते भरले. घरात पूर्वी कुणी कुणी कुरकुर करत असे, जमीन गेली म्हणून. आम्ही कधी केली नाही. नांगर त्यांनी धरला होता.

प्रश्न घराचा आहे. वाडीच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. वारस नोंद कुणी केलीच नाही. घरात आता त्या कुळाचा नातू राहतो. छप्पर त्याने बदललं, विहीर उपसली. तो चुलतभावाला म्हणाला, दादा, तुम्ही सगळे सह्या करून द्या, हक्कसोड करा, किंवा काय ती किंमत सांगा, पण मिटवा. अश्दोदचे म्हणतात, विकू, भाव चांगला आहे. दिमोनाची आत्तेबहीण म्हणते, बाबांचं घर आहे, मी विकणार नाही, ज्यूंनी घरं गमावायची का?

बसल्या जागी तिला फोन लावला. म्हटलं, बाई, आम्ही आता खरोखर गमावलेल्या घराच्या पायरीवर बसलोय. कोकणात आपल्याला कुणी हाकललं नाही. शनिवारी घाणा बंद ठेवला तर शनिवार तेली म्हणून ओळखलं, एवढंच. कुलूप आपण लावलं आणि किल्ली आपण हरवली. ती गप्प झाली. मग म्हणाली, मेझुझाची खाच अजून आहे का दारावर? भावाला विचारलं. आहे म्हणाला. त्या पोराने दार रंगवलं, पण खाच बुजवली नाही, काय आहे ते त्याला माहीत नव्हतं म्हणून.

कामाचं सांगतो, कारण तुमच्यातल्या पुष्कळांच्या घरी असाच कागद पडला असेल. ओसीआय कार्ड असलेल्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते. विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. त्याआधी तलाठ्याकडे वारस नोंद व्हायला हवी, तिला सगळ्या वारसांची नावं आणि मृत्यूचे दाखले लागतात. फेरफार झाल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. सातबारा आता ऑनलाइन दिसतो. जुना फेरफार मात्र कधीकधी तालुक्याला जाऊन काढावा लागतो.

आमचं असं ठरत आलंय: घराखालची जागा त्या नातवाच्या नावे, रास्त किमतीत. वाडीतला एक कोपरा, जिथे आजोबांचा घाणा होता, तो मात्र वारसांच्या नावे राहील. आत्तेबहिणीने अजून हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हणत नाही. वारसांची यादी करायला घेतली तर तेवीस नावं निघाली. धाकट्या आत्याच्या दोन मुलांचा पत्ता लागत नाही. सत्तरच्या दशकात ते बेरशेबाला होते, नंतर कॅनडाला गेले असं ऐकतो. रेवदंड्याकडच्या आपल्या मंडळींपैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. आम्ही हनुकाला अलिबागला जाणार आहोत, त्याआधी यादी पूर्ण व्हायला हवी.