गुटगुटीत बाळ

महालातील जुन्या वाड्यांत बाळंतिणीची खोली आतली, कमी उजेडाची. सुईण बाळ हातावरच तोलून पाहावयाची. ते जड आणि गोल गालांचे निघाले की घरात साखर वाटली जाई. अशांपैकी एखादे काही तासांतच मलूल का होते, त्यास आकडी का येते, हे कोणास उमगत नसे. दृष्ट लागली, एवढेच आम्ही आमच्या आजीकडून ऐकले.

मधुमेह आमच्या वैद्यांस नवा नव्हता. मुंग्या लागणाऱ्या मूत्राची नोंद जुन्या ग्रंथांत आहे. परंतु मधुमेही तरुण स्त्री बाळंतपणापर्यंत पोचणेच दुर्मिळ. १८८२ साली लंडनच्या मॅथ्यूज डंकन यांनी अशा २२ गर्भारपणांची हकीकत मांडली. ती वाचवत नाही. १९२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिन प्रथम रोग्यास टोचले गेले आणि आया वाचू लागल्या. मुले मात्र दगावतच राहिली.

हे कोडे उलगडले १९५० नंतर, कोपनहेगनच्या पेडरसन यांच्या विचाराने. आईची साखर वारेतून गर्भाकडे जाते, तिचे इन्सुलिन जात नाही. मग गर्भ स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करतो आणि अंगाने भरतो. नाळ कापली की साखरेचा ओघ थांबतो, पण बाळाच्या रक्तातील इन्सुलिनचा जोर तसाच उरतो. साखर एकाएकी खाली येते, आणि मेंदूस तर तीच हवी असते.

म्हणून कळा सुरू झाल्या की आईची साखर तासातासाला पाहावयाची, ती १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ७० ते १२० मिलिग्रॅम राखावयाची. जन्मानंतर बाळाच्या टाचेतून थेंब घ्यावयाचा. ४५ च्या खाली आकडा आला की डॉक्टर उशीर करीत नाहीत. आणि पहिल्या तासातच बाळास अंगावर घ्यावयाचे. आमच्याकडे मात्र चीक पिळून टाकीत व मध चाटवीत! तोंडात गोड घालावे ही आजीची बुद्धी अगदीच वेडी नव्हती. पण बोटभर मधाने साखर सावरत नाही, शिवाय तान्ह्यास मध धोक्याचाच. औषध होते ते टाकलेल्या चिकात.

सुईणीचा हातही फसवतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास चालविला. तेथील बाळे सरासरी २.७ किलोंची, हातपाय काटकुळे. तरी अंगात चरबी मात्र इंग्रज बाळांच्या मानाने फारशी कमी नव्हती. तेव्हा वजनावर विसंबून चालत नाही, आईचे रक्तच तपासले पाहिजे.

सरकारी मार्गदर्शनाप्रमाणे प्रत्येक गर्भवतीस ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहतात. ती १४० किंवा अधिक भरली तर उपचार सुरू. ही तपासणी पहिल्या भेटीत, आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत; म्हणजे बहुधा डोहाळजेवणाचे ताट मांडण्याआधी.