डीएनए आणि सजीवांची विविधता

सर्व पेशीय सजीवांच्या डीएनएत ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन हेच चार क्षारक असतात. बदलतो तो त्यांचा क्रम. तीन क्षारकांचा एक याप्रमाणे ६४ संकेत बनतात. बहुतेक सजीवांत त्यांपैकी ६१ संकेत प्रथिनांतील २० ॲमिनो अम्ले दर्शवितात, तर ३ विरामदर्शक असतात. या संकेताच्या उलगड्याबद्दल मार्शल निरेनबर्ग, हरगोविंद खुराना व रॉबर्ट हॉली यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भेदांचा उगम : डीएनएची प्रत तयार होताना घडणाऱ्या चुकांमुळे उत्परिवर्तने होतात. कधी संपूर्ण जनुक दुप्पट होते व जादा प्रत नवे कार्य स्वीकारते. माणसाची लाल-हिरवा भेद ओळखणारी दृष्टी अशीच निर्माण झाली. लैंगिक प्रजननात जुन्या भेदांची नवी जुळणी होते. माणसाच्या २३ गुणसूत्र-जोड्यांच्या केवळ वाटणीतूनच सुमारे ८४ लाख प्रकारची युग्मके संभवतात.

जनुकनियमन : प्रथिन तेच राहूनही शरीररचना बदलू शकते. त्रिकंटक स्टिकलबॅक या सागरी माशाला श्रोणिकंटक असतात. हिमयुगानंतर तयार झालेल्या काही तलावांतील माशांत ते लोपले. पिटएक्स१ जनुक शाबूत असले, तरी श्रोणिभागात ते कार्यान्वित करणारा डीएनएचा तुकडा गळाल्याचे त्यांच्यात आढळले.

नैसर्गिक निवड व यादृच्छिक विचलन यांमुळे असे भेद समूहात टिकतात किंवा नष्ट होतात. समूह दीर्घकाळ विलग राहिल्यास भेद साचून नव्या जाती उद्भवतात.